अकरावीतले 120 तास: गोव्यात समाजसेवा कुठे, कशी आणि कुणाला विचारून

अकरावीचे प्रवेश आटोपले की आठवड्याभरात कुणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारतंच, "सर, एनएसएसचे तास कसे भरायचे?" टाकी भरावी तसे तास भरायचे, हा समज मुलांचा, आणि पालकांचा तर त्याहून जास्त. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजेच एनएसएसचं, काम काही वर्षं माझ्याकडे होतं. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. नववी ते बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील, दोघांनी वाचावं.

आपल्या शाळेला काय लागू आहे

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "सक्तीचं आहे का?" ते तुमच्या बोर्डावर अवलंबून आहे.

गोवा बोर्डाच्या हायर सेकंडरीत एनएसएस ऐच्छिक असतं. त्यावाचून बारावी अडत नाही. पण एकदा नाव घातलं की हिशेब ठरलेला: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि शिवाय 7 दिवसांचं एक विशेष शिबिर. पहिल्या वर्षातले 20 तास नुसते समजून घेण्यात जातात. त्यात योजना काय, गावाची पाहणी कशी करायची, प्रथमोपचार वगैरे येतं. हे सगळं पूर्ण झालं तरच प्रमाणपत्र. योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांमध्ये. हायर सेकंडरीपर्यंत ती नंतर आली. बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे आणि त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. मुलाखतीत हे हटकून विचारतात, तेवढं लक्षात ठेवा.

सीबीएसईच्या शाळेत असाल तर नववी ते बारावी 'सेवा' नावाचा प्रकल्प करावा लागतो. तो आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा भाग आहे, तेव्हा पीटीचा तास म्हणून सोडून देऊ नका. आयसीएसईला एसयूपीडब्ल्यू (सोशली युजफुल प्रॉडक्टिव्ह वर्क) आणि समाजसेवा असं एकत्र खातं आहे. श्रेणी शाळाच देते, पण त्यात पास झाल्याशिवाय दहावीचं उत्तीर्ण प्रमाणपत्र मिळत नाही. हे एसयूपीडब्ल्यू प्रकरण 1977 च्या ईश्वरभाई पटेल समितीपासूनचं. आमच्या पिढीत त्याचा विस्तार 'सम युजफुल पिरियड्स वेस्टेड' असा करायचे. मेणबत्त्या आणि कागदी फुलं करण्यात वर्ष गेलेल्या कुणालाही विचारा. आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) मुलं गोव्यात थोडी. त्यांना तास मोजायचे नसतात, पण साधारण 18 महिने काम चालू ठेवावं लागतं आणि त्यात किमान एक प्रकल्प महिनाभर तरी टिकलेला हवा.

परदेशात जाणाऱ्या घरांसाठीही थोडं सांगतो, कारण दरवर्षी एखादं तरी मूल अर्ध्यात कॅनडाला जातं. ओंटारिओ प्रांतात हायस्कूलचा डिप्लोमा मिळवायला 40 तासांची समाजसेवा लागते. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 75 तास. इथे केलेले तास तिथे धरतील की नाही हे तिथली शाळा ठरवते. म्हणून डायरी, सह्या आणि कामाचं दोन ओळींचं इंग्रजी वर्णन बरोबर घेऊन जा.

आणखी एक. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात 30 तासांच्या शिकण्याला 1 श्रेयांक असा हिशेब आहे आणि वर्गाबाहेरचं कामही त्यात धरता येतं. तुमच्या शाळेत हे कुठवर आलंय ते मुख्याध्यापकांना विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलंत तर पाच जण पाच उत्तरं देतील.

तासांचा हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करा

120 तास ऐकायला डोंगर वाटतो. दर शनिवारी 3 तास धरले तर 40 शनिवारांत ते होतात. पण गोव्यात 40 शनिवार मिळतात कुठे? चवथीचा आठवडा गेला, दिवाळी गेली, नाताळ गेला, शिगमो आहे, सहामाही आणि प्रिलिम आहे, गावची जत्रा आहे. जुलैत काही शनिवार पाऊस खातो. हाती उरतात 30, म्हणजे दर वेळी 4 तास. हे जूनमध्येच मांडून बघितलं नाही तर फेब्रुवारीत धावाधाव होते आणि मग मुलं एकाच रविवारी 12 तास लिहून आणतात. असल्या पानावर मी सही करत नाही.

आमची फसलेली झाडं

काम निवडण्याआधी हे वाचा. एनएसएसच्या पहिल्याच वर्षी मी जुलैत मुलांना घेऊन वृक्षारोपण केलं. जागा म्हणजे गावामागचा सडा. मोकळा माळ, कुणाची हरकत नाही, फोटोला छान. जांभ्यात खड्डे घेताना पहारी वाजत होत्या. दोन मुलांच्या हाताला फोड आले. एक म्हातारे गृहस्थ गुरं घेऊन चालले होते. थांबून बघत राहिले आणि म्हणाले, "सर, हांगा माती खंय आसा?" (इथे माती कुठे आहे?) आम्ही हसलो. मार्चमध्ये परत गेलो तेव्हा जिवंत रोपं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीची काही वाळली, काही गुरांनी खाल्ली.

एवढ्यावर थांबलं असतं तर नुसता पोपट झाला म्हणून सोडून दिलं असतं. पण सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हेच, हे जीवशास्त्राच्या मास्तराला आधी सुचायला हवं होतं. पावसाळ्यात त्या कातळावर इंचभर मातीत निळी-जांभळी सीतेची आसवं फुलतात. ही वनस्पती मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांत किडे पकडून नत्र मिळवते, कारण त्या जमिनीत ते जवळजवळ नसतंच. तिथे खड्डे खणून आम्ही जे होतं तेही उकरलं होतं. म्हणजे सेवा करायला गेलो आणि नुकसान करून आलो.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच सड्यावर गेलो, या वेळी पहारी घरी ठेवून. एक मीटर बाय एक मीटर अशी दोरीची चौकट केली. ती ठरलेल्या अंतरावर टाकायची, आत किती प्रकारची झाडं-फुलं आहेत ते मोजायचं, फोटो काढायचा, स्थानिक नाव गुराख्यांना विचारायचं. ते म्हातारे गृहस्थ आता आमचे गुरुजी झाले होते. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आमची यादी आम्ही तिथे दिली. पर्यावरणाचा धडा मुलांना वेगळा शिकवावा लागला नाही, आणि पंचायतीला जी माहिती हवी होती ती मिळाली. सेवेतून शिक्षण म्हणतात ते साधारण असं. काम कुणाच्या तरी गरजेचं हवं आणि त्याचा धागा तुमच्या पुस्तकाशी जुळायला हवा. गरज कुठली, हे मात्र तिथल्या माणसाला विचारल्याखेरीज कळत नाही.

तेव्हा पहिले दोन शनिवार काहीच करू नका. नुसते फिरा. पंचायतीत सचिवांना भेटा, अंगणवाडीच्या ताईंना विचारा, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारा, दुकानात चहा घेत बसलेल्यांचं ऐका. ग्रामसभा रविवारी असते. 18 पूर्ण नसल्याने तुम्ही सदस्य नाही, पण सरपंचांना सांगून मागे बसून ऐका. दोन तासांत गावाची सगळी गाऱ्हाणी कळतात. प्रत्येकाला एकच प्रश्न: "आम्ही दहा जण आहोत, शनिवारी सकाळी मोकळे आहोत. तुमचं कुठलं काम अडलंय?"

कुठली कामं, कधी

काम घराजवळचं निवडा. पेडण्याच्या मुलाने बसने पणजी गाठून किनारा झाडण्यात अर्थ नाही. तिकिटाचे पैसे जातात आणि तिसऱ्या आठवड्यात उत्साहही जातो.

चवथीला विसर्जनाच्या जागी निर्माल्य गोळा करणं सगळे करतात. त्यात थोडी भर घालता येते. फुलांतून दोरा, प्लास्टिक आणि थर्माकोल वेगळे काढा, उरलेल्याचं खत करा. माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली रानफळं-पानं) उतरवताना घरच्या आजीजवळ बसून कवंडाळ, आंबाडे, शेरवड, कांगणे यांची यादी करा: कुठून आणलं, कुठे मिळेनासं झालंय, बाजारात काय भावाने घेतलं. एका वाड्यावरच्या दहा घरांची यादी केली तरी जंगलाबद्दल बरंच कळतं. विसर्जनाच्या जागी पाण्यात मात्र उतरायचं नाही, कुणी कितीही बोलावलं तरी.

माझं सर्वांत आवडतं काम नरक चतुर्दशीच्या सकाळचं. पहाटे नरकासुराचे पुतळे जाळले जातात आणि उजाडेपर्यंत रस्त्यावर राखेत तारा, खिळे, सळ्यांचे तुकडे पडलेले असतात. त्यावरून स्कूटर जाते, गुरं चालतात. झाडूने ते नीट निघत नाही, कारण बारीक तार डांबराच्या खडीत अडकून बसते. आमच्या एका मुलाने बंद पडलेल्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, सुतळीला बांधलं आणि कुत्रं फिरवावं तसं रस्त्यावरून ओढत नेलं. दहा पावलांत त्याला तारांच्या मिश्या फुटल्या. तेव्हापासून आम्ही दिवाळीआधी भंगाराच्या अड्ड्यावरून असली चुंबकं आणून ठेवतो. गोळा झालेलं लोखंड त्याच अड्ड्यावर विकतो. त्याआधी कुठल्या नाक्यावर किती किलो निघालं ते लिहून ठेवतो. गंमत म्हणजे यातली निम्मी पोरं आदल्या रात्री त्याच नरकासुराला तार गुंडाळत असतात. एका वर्षी त्यांनीच ठरवलं की तार कमी लावायची, सुंभ वापरायचा. मी काही बोललो नव्हतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. सगळ्यांनाच तिथे जायचं असतं. पण ही कासवं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय घरट्याजवळ फिरकायचंसुद्धा नाही. रात्री टॉर्च किंवा मोबाईलचा फ्लॅश तर मुळीच नको, कारण उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी भलत्या दिशेला जातात. मुलांना जमण्यासारखं काम दिवसाचं: किनाऱ्यावरच्या बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे उचलणं, पर्यटकांना खुणेच्या कुंपणापासून दूर राहायला सांगणं.

तिसवाडीतल्यांना चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य रायबंदरच्या फेरीपलीकडेच आहे. तिथे कांदळवनातला कचरा हे कायमचं दुखणं. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) गावात असाल तर बांध आणि मानस (पाण्याची दारं) कसे चालतात, भरती-ओहोटीला दार कोण उघडतं-मिटतं, हे शेतकऱ्यांकडून लिहून घेणंही मोठं काम आहे. ज्यांना उन्हात जमत नाही त्यांनी सरकारी प्राथमिक शाळा गाठावी. गावागावांतल्या या बहुतेक शाळा मराठी माध्यमाच्या आणि पट रोडावत चाललेला. दुसरी-तिसरीच्या पाच मुलांना घेऊन दर शनिवारी तासभर गोष्ट वाचायची. हे मूल जूनमध्ये जोडाक्षराला अडत होतं, डिसेंबरात नाही, एवढी नोंद मला दहा पोती कचऱ्याइतकीच मोलाची वाटते.

वृद्धाश्रमात, मग तो प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेचा असो की खासगी, नाच-गाणी घेऊन जाऊ नका. आम्ही एकदा गेलो. कार्यक्रम संपल्यावर एका आजींनी माझ्या विद्यार्थिनीचा हात धरला आणि विचारलं, "बाय, माझी नखं कापशील?" व्यवस्थापनाला विचारून जा आणि पेपर वाचून दाखवणं, फोन लावून देणं, चष्मा दुरुस्तीला नेणं, अशी कामं मागून घ्या. रक्तदानाचं मात्र विसरा. त्याला 18 वर्षं पूर्ण लागतात. शिबिरात नावं लिहायला आणि चहा द्यायला बसू शकता.

काय धरत नाही तेही सांगतो. स्वतःच्या घरचं काम, पैसे घेऊन केलेलं काम, निवडणुकीतला प्रचार. जत्रेत पालखीबरोबर चाललात तर ती तुमची भक्ती. दुसऱ्या दिवशी जत्रेच्या मैदानावरच्या पत्रावळी आणि कप उचललेत तर ते तास.

पत्र आणि परवानगी

तीन कागद लागतात. पालकांचं संमतिपत्र, शाळेचं पत्र आणि ज्या ठिकाणी काम करणार तिथला होकार. पंचायतीला मराठीतून पत्र द्यायला बिचकू नका. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. पत्र लांबवू नका. एवढं पुरे:

"मा. सरपंच, सप्रेम नमस्कार. आम्ही आमच्या हायर सेकंडरीचे दहा विद्यार्थी सप्टेंबर ते जानेवारी, दर शनिवारी सकाळी 8 ते 12, आपल्या वाड्यावरील सार्वजनिक विहिरीभोवतीची सफाई आणि पाण्याच्या पातळीची नोंद करू इच्छितो. आमच्याबरोबर एक शिक्षक असतील. गोळा झालेला कचरा उचलण्याची व्यवस्था पंचायतीने करावी, ही विनंती."

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. पोती भरून रस्त्याकडेला ठेवली आणि उचलायला कुणी आलं नाही, की सोमवारपर्यंत कुत्री ती फोडतात आणि गाव तुम्हालाच नावं ठेवतं. पत्राची दुसरी प्रत घ्या, आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या.

डायरी त्याच संध्याकाळी

"आज किनारा साफ केला. खूप छान वाटलं." असली पानं मी शेकड्यांनी वाचली आहेत. आता हे बघा:

"शनिवार, सकाळी 7.30 ते 10.30. आम्ही नऊ जण. सहा पोती भरली. त्यातली दोन नुसत्या बियरच्या बाटल्यांची. वाळूत रुतलेलं जाळं ओढून निघेना, कोयती हवी होती. होडीवरचे काका म्हणाले, जाळी आमची नव्हेत, वादळात वाहून येतात. खरं का? पुढच्या वेळी जाळ्याचा रंग आणि दोऱ्याची जाडी लिहायची."

दुसऱ्या पानावर तास तेवढेच आहेत. पण त्यातून पुढच्या शनिवारचं काम आपोआप ठरतं. घरी येऊन आंघोळ झाली की लगेच लिहा, दुसऱ्या दिवशी पोत्यांचा आकडा आठवत नाही. तारीख, वेळ, जागा, काय केलं, काय अडलं, कोण काय म्हणालं. सही त्याच दिवशी, तिथल्याच माणसाची.

सुरक्षितता

जून ते सप्टेंबर समुद्रकिनाऱ्यावरचं काम नको. पावसात शेतात किंवा गटाराजवळ काम असेल तर गमबूट आणि हातमोजे घाला. पायावर जखम असेल तर त्या दिवशी घरी बसा, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाची भीती असते. कचऱ्यात सुई दिसली तर हात लावायचा नाही, शिक्षकांना सांगायचं. मुलींनी आणि मुलांनीही एकट्याने कुणाच्या घरी जायचं नाही. दोघं-दोघं जा, आणि घरी कळवून जा. फोनमध्ये 108, 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे नंबर ठेवा. कुणी नकोसं वागलं तर तास गेले चुलीत, तिथून निघा आणि घरी व शिक्षकांना सांगा.

फोटोंचं एक. बालगृहातल्या मुलांचा चेहरा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कायद्यानेच मनाई आहे. आजारी किंवा वृद्ध माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि विचारलं तरी स्टेटसला टाकू नका. पोत्यांचा फोटो काढा, तो कुणालाही चालतो.

शिबिर आणि शेवटचे कागद

7 दिवसांचं शिबिर बहुधा सुटीत आणि बहुधा एखाद्या गावच्या शाळेत असतं. न्यायच्या वस्तूंत चादर, टॉर्च, स्वतःचं ताट-पेला आणि ओडोमॉस. जेवण मुलंच रांधतात. पहिल्या दिवशी भात करपतो, तिसऱ्या दिवसापासून जमतं. ज्यांना घरी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो, त्यांनी आधी एकदा दहा माणसांची आमटी करून बघावी.

बारावीच्या जानेवारीपर्यंत तास पूर्ण करा. त्यानंतर सगळ्यांचं डोकं परीक्षेत असतं आणि सही करणारे शिक्षकही पेपर तपासण्यात गुंततात. डायरी जमा करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. एका मुलीच्या दोन वर्षांच्या डायऱ्या कपाटं हलवताना गहाळ झाल्या होत्या. फोटो होते, म्हणून तिचं प्रमाणपत्र वाचलं.